‘पै न् पै मुलांपर्यंत’ असे छापणाऱ्या संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

परदेशातील वंचित मुलांच्या शिक्षणासाठी स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या सर्व लहान संस्थांच्या विश्वस्तांना, कार्यकर्त्यांना आणि देणगीदारांना,

सप्रेम नमस्कार.

मी अशाच एका संस्थेचा नऊ वर्षे खजिनदार होतो. संस्था लहान आहे. कार्यालय नाही, पगारी माणूस नाही, बैठका कोणाच्या तरी घरी किंवा संगणकाच्या पडद्यावर होतात. केनियाच्या पश्चिम भागातील काही सरकारी प्राथमिक शाळांमधल्या मुलांचा किरकोळ पण अडणारा खर्च आम्ही उचलतो, म्हणजे गणवेश, वह्या, परीक्षेचे शुल्क, आणि त्यांच्यातली जी मुले पुढे माध्यमिक शाळेत जातात त्यांची फी. आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य असे : ‘आपल्या देणगीतील पै न् पै मुलांपर्यंत पोहोचते.’ ते वाक्य मीच लिहिले होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या माहितीपत्रकांवर ते थोड्याफार फरकाने छापलेले असते, आणि आपण सर्वांनी ते काढून टाकावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे.

हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले, तर ते वाक्य मुळात खरेच नव्हते. परदेशी पैसे पाठवताना बँक आपला वाटा घेते, चलन बदलताना दरात आणखी काही जाते, आणि रक्कम शाळेच्या खात्यात पडेपर्यंत मधली एखादी बँकही हात मारून घेते. स्थलांतरित माणसे घरी पाठवतात त्या लहान रकमांवर जगभरात सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च होतो, असे जागतिक बँकेची आकडेवारी सांगते. आमच्या रकमा थोड्या मोठ्या असल्यामुळे टक्केवारी कमी पडे, पण शून्य ती कधीच नव्हती. ही तूट आम्ही विश्वस्त आपसांत वर्गणी काढून भरत असू आणि ती वर्गणी जमाखर्चात दाखवत नसू, कारण दाखवली असती तर खर्चाच्या बाजूला ‘प्रशासन’ हा शब्द आला असता. दहाबारा जणांनी मिळून खिशातले चार पैसे घालणे हा काही गुन्हा नव्हे. पण त्यातून आम्हाला एक सवय लागली. जो खर्च कोणीतरी मुकाट्याने सोसतो तो खर्चच नव्हे, असे आम्ही धरून चालू लागलो. आमच्यापेक्षा पुष्कळ कमी मिळकतीचा एक माणूस तिकडे तसाच मुकाट्याने खर्च सोसत होता, आणि हे आम्हाला सहा वर्षे दिसले नाही.

तो माणूस त्या शाळांपैकीच एका शाळेत शिक्षक होता. मुलांची यादी ठेवणे, फीच्या पावत्या गोळा करणे, प्रत्येक मुलाचा वर्षातून दोनदा फोटो काढणे, देणगीदाराला पाठवायचे पत्र मुलाकडून लिहवून घेणे आणि आम्ही ठरवून दिलेल्या नमुन्यात सत्राचा अहवाल भरणे, हे सगळे तो शाळा सुटल्यावर करी. मोबाइलचा डेटा त्याचा. इतर शाळांमध्ये जायचे तर बोडाबोडाचे भाडेही त्याचेच. (बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल. केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवर, बुसियाच्या भागात, एका देशाच्या नाक्यापासून दुसऱ्या देशाच्या नाक्यापर्यंत प्रवाशांना सायकलवर बसवून नेणाऱ्यांवरून हे नाव पडले.) आम्ही त्याला ‘आमचे तिकडचे स्वयंसेवक’ म्हणत असू, आणि वार्षिक सभेत त्याच्या नावाने टाळ्याही वाजवत असू. आमच्यातला प्रत्येक स्वयंसेवक पोटापाण्याची व्यवस्था झाल्यावर, उरलेल्या वेळात, स्वतःच्या आनंदासाठी काम करणारा होता. त्याच्यावर मात्र हे काम येऊन पडले होते. आमचा पैसा त्याच्या विद्यार्थ्यांच्या कामाचा होता, आणि ‘मला जमणार नाही’ म्हटले तर तो थांबेल ही भीती त्याला होती. दोघांनाही एकच शब्द लावण्यात आमची मोठी चूक झाली.

केनियात सरकारी शाळांच्या शिक्षकांची नेमणूक आणि बदली शिक्षक सेवा आयोगाकडे असते. एके वर्षी त्या शिक्षकाची बदली झाली. मुलांची अद्ययावत यादी त्याच्या स्वतःच्या वहीत होती. ती घाईगर्दीत दुसऱ्या एका शिक्षकाच्या हाती आली. त्यानेही ते काम निव्वळ भिडेपोटी पत्करले. आमच्याकडून पत्रांची आणि फोटोंची मागणी नेहमीप्रमाणे चालूच होती, कारण देणगीदार विचारतात. पुढे, एका मुलीचा खर्च चार वर्षे देत आलेल्या आमच्या एका देणगीदार बाईंनी मला कळवले की मुलीच्या इंग्रजी पत्रांतले ‘जी’ हे अक्षर पूर्वी खाली गाठ मारून येत असे, हल्ली ते उघड्या शेपटीचे येते. मुलगी बरी आहे ना? मी चौकशी केली. तीन आठवड्यांनी उत्तर आले. ती मुलगी दोन सत्रांपूर्वीच शाळा सोडून दूरच्या गावी मावशीकडे राहायला गेली होती. तिच्या नावाने आलेले पैसे त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीसाठी वापरले जात होते, आणि पत्रेही तीच दुसरी मुलगी पहिलीच्या नावाने लिहीत होती. एक शिलिंगही कोणी खाल्ला नव्हता. नव्या शिक्षकाने शेवटी एवढेच लिहिले होते, की तुमच्या नमुन्यात मुलाच्या नावाचा रकाना आहे, मूल शाळेतून निघून गेले असे लिहायला रकाना नाही.

मी नमुना काढून पाहिला. खरोखरच नव्हता.

यावर आमच्या सभेत बरीच आदळआपट झाली. ‘विश्वासघात’ हा शब्दही वापरला गेला. मला आजही वाटते की त्या दोन शिक्षकांपैकी कोणीही विश्वासघात केला नाही. आम्ही त्यांच्याकडे हिशेब मागत होतो, पण हिशेब ठेवण्याचे काम आम्ही कोणालाच दिलेले नव्हते. बिनपगारी माणसाला जाब विचारता येत नाही, आणि ज्याच्या विद्यार्थ्यांचे भवितव्य आपल्या खुशीवर टांगलेले आहे त्याला वाईट बातमी कळवण्याचे धैर्यही राहत नाही. वाईट बातमी कळवणे हेच ज्याचे काम आहे, आणि ती कळवल्यामुळे ज्याचे काही बिघडणार नाही, असा एक तरी माणूस लागतो. तो फुकट मिळत नाही.

आमची गोष्ट सौम्य आहे. दुरून पैसा येतो आणि जवळून पाहणारा कोणी नसतो, तेव्हा याहून फार वाईट घडते, आणि ते बहुतेकदा शिक्षणाच्याच नावाने घडते. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतले आईबाप होते नव्हते ते विकून दलालांना पैसे देत, मूल काठमांडूच्या चांगल्या निवासी शाळेत शिकेल या आशेने. त्यातली कितीतरी मुले अनाथालयांत पोहोचली आणि आईबाप जिवंत असताना कागदोपत्री अनाथ ठरली. नेपाळमधली अनाथालये काठमांडू खोरे, पोखरा आणि चितवन या परदेशी पाहुण्यांच्या वाटेवरच्या भागांत एकवटलेली आहेत. गरिबी जिथे सर्वांत जास्त आहे तिथे ती फारशी नाहीत. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतल्या जवळजवळ चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफने पुढे आणले. या संस्थांपैकी अनेकींचा मोठा आधार परदेशी देणग्या आणि परदेशी स्वयंसेवक हाच होता. आपल्यासारखेच सज्जन लोक होते ते. २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयीच्या कायद्याच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियाने अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराला गुलामगिरीचा प्रकार म्हणून मान्यता दिली. केनियाने नव्या बालगृहांची नोंदणी २०१७ सालीच थांबवली. तेव्हा आपल्यापैकी कोणी अजून वसतिगृहाच्या किंवा ‘बालसदना’च्या इमारतीसाठी निधी जमवत असेल, तर त्या मुलांच्या घरी जाऊन कोणी पाहिले आहे का, आणि पाहणाऱ्याचा पगार कोण देतो, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

आता थोडे वस्तूंविषयी, कारण पै न् पै मुलांपर्यंत पोहोचवण्याच्या हट्टाचा शेवट नेहमी वस्तूंच्या वाटपात होतो. मुलाच्या हातात ठेवता येते, फोटोत दिसते आणि पावतीवर मोजता येते अशी गोष्ट म्हणजे वस्तू. आम्ही एकदा देणगीदारांनी निवडून दिलेल्या सुंदर इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांची खोकी पाठवली. वर्षाने आमच्यातला एक जण तिकडे गेला, तेव्हा ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाखाली जशीच्या तशी होती. मुलांनी फाडली तर तुम्हाला वाईट वाटेल, असे त्यांनी सांगितले. हसावे की रडावे कळेना. पण कुलूप नसते तरी फार काही झाले असते असे नाही, आणि हे आम्हाला पुस्तके पाठवण्यापूर्वी कळू शकले असते, कारण त्याच मुलखात तो प्रयोग फार आधी होऊन गेला होता.

इंटरनॅशनल चाइल्ड सपोर्ट या डच संस्थेने १९९६ मध्ये बुसिया आणि तेसो भागातल्या १०० शाळांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या २५ शाळांना सरकारमान्य पाठ्यपुस्तके दिली. पॉल ग्लेवे, मायकेल क्रेमर आणि सिल्वी मुलाँ या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्या शाळांमधल्या मुलांच्या गुणांची उरलेल्या शाळांशी तुलना केली. सरासरी गुणांत फरक पडला नव्हता. फायदा झाला तो वर्गात आधीपासूनच पुढे असलेल्या मुलांना. कारण गुंतागुंतीचे नव्हते. पुस्तके इंग्रजीत होती, आणि घरी लुह्या किंवा तेसो बोलणाऱ्या, बाजारात स्वाहिली बोलणाऱ्या बहुतेक मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा होती. पुस्तक हातात होते पण वाचता येत नव्हते. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असली म्हणजे मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर कसे राहते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. भिंतीवर लावायच्या तक्त्यांचीही त्याच भागात अशीच पारख झाली, आणि त्यांचाही गुणांवर परिणाम आढळला नाही.

याउलट गणवेश. केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले आणि दहा लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली, पण गणवेशाचा खर्च पालकांवरच राहिला. गणवेश ही शिकण्याशी थेट संबंध नसलेली, जराशी वरवरची वस्तू वाटते. आमच्या सभेत तर तो ‘वसाहतकाळाचे उरलेले खूळ’ म्हणून वगळावा, अशी सूचना आली होती. एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि क्रेमर यांनी पश्चिम केनियातील ३२८ शाळांमध्ये केलेल्या अभ्यासात मोफत गणवेशामुळे वरच्या प्राथमिक वर्गांतली गळती कमी झाली आणि मुलींची लहान वयातली लग्ने व बाळंतपणेही घटली. क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी १९९८ पासून बुसियातल्या ७५ शाळांमध्ये जंतनाशक गोळ्यांच्या वाटपाचा अभ्यास केला. तेथे मुलांची गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने कमी झालेली दिसली. (त्या आकड्यांच्या फेरतपासणीवरून २०१५ च्या सुमारास विद्वानांत चांगलीच जुंपली होती, आणि वाद पूर्ण मिटला असे म्हणता येणार नाही, पण एक गोळी आणि एक गोष्टीचे पुस्तक यांतले काय आधी द्यावे याची निवड करताना मी तरी त्या वादाची वाट पाहत बसणार नाही.) याच तऱ्हेच्या कामासाठी क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि डुफ्लो यांच्यासह नोबेल पुरस्कार मिळाला. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ इतकाच, की पुस्तक उपयोगी आणि गणवेश वरवरचा हा आपला अंदाज दूर बसून बांधलेला असतो, आणि तो बऱ्याचदा उलटा निघतो. विचारायला, मोजायला आणि मोजलेले आपल्या तोंडावर सांगायला माणसे लागतात. त्या माणसांवर झालेला खर्च ‘मुलांपर्यंत’ पोहोचला की नाही, हे आपल्या माहितीपत्रकाला सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे ‘शिकवायला’ जाणाऱ्या तरुण स्वयंसेवकांविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण तो विषय काढला की घरोघरी भांडणे होतात. आमच्यातलेही काही जण जाऊन आले, आणि आनंदाने परतले. त्या तीन आठवड्यांत तिथल्या शिक्षकाने आपला चालू धडा थांबवला, मुलांनी इंग्रजीतली चार गाणी पाठ केली, आणि पाहुणे गेल्यावर शिक्षकाने धडा पुन्हा काढला. जी मुलगी किंवा मुलगा इथल्या वर्गात शिकवायला पात्र नाही, ती तिथल्या वर्गात एकाएकी पात्र कशी होते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला नऊ वर्षांत मिळाले नाही. जाऊन पाहावे, शिकावे, शाळेचे हिशेब समजून घ्यावेत. पण फळ्यासमोर उभे राहू नये.

याच्याही पुढे जाऊन काही मित्र म्हणतात, की मग एकेका मुलाचे पालकत्व घेण्याची पद्धतच मोडीत काढा. त्यात फोटो आणि पत्रे यांपलीकडे काही नसते. इथे मी थबकतो. ब्रूस वायडिक, ग्लेवे आणि लेन रटलेज यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेच्या सहा देशांतल्या कामाची तपासणी केली. त्या सहांत केनियाही होता. लहानपणी अशी मदत मिळालेली आणि न मिळालेली मिळून दहा हजारांहून अधिक प्रौढ माणसे त्यांनी तपासली, आणि मदत मिळालेल्यांचे शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने अधिक झालेले आढळले. शिक्षणाच्या क्षेत्रात हा परिणाम लहान नाही. तेव्हा पत्र-फोटोची पद्धत निरर्थक आहे असे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. पण त्या संस्थेच्या कामात मुलाला आठवड्याकाठी काही तास स्थानिक केंद्रात बसवून शिकवणारी, त्याच्या तब्येतीकडे आणि मनाकडे पाहणारी नेमलेली माणसे होती. आम्ही ती पद्धत उचलली, फोटो उचलले, पत्रे उचलली, आणि नेमलेली माणसे तेवढी गाळली, कारण त्यांच्यावरचा खर्च ‘प्रशासना’त गेला असता. जो भाग चालत होता तोच आम्ही काटकसर म्हणून वगळला.

मी काही नवे सांगतो आहे असे नाही. अमेरिकेत देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये देणगीदारांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले होते. प्रशासनावर किती टक्के खर्च होतो एवढ्यावरून संस्थेची पारख करू नका, असे त्यात म्हटले होते. वर्षानुवर्षे ज्यांनी ती टक्केवारी छापली आणि लोकांना तिची चटक लावली, त्यांनीच हे लिहिले, म्हणून ते मला अधिक प्रामाणिक वाटते. माझी स्थितीही काहीशी तशीच आहे.

आपल्यातले बरेच जण म्हणतील, देणगीदार सोडून जातील. काही जातील. आमच्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी पगारी समन्वयक नेमण्याचा ठराव केला, तेव्हा नऊ वर्षे नेमाने पैसे देणाऱ्या एका गृहस्थांनी अत्यंत सभ्य शब्दांत निरोप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही मुलासाठी देतो, नोकरासाठी नाही. मी त्यांना उत्तर लिहिले, ते त्यांना पटले नाही. पण ज्यांना ‘जी’ अक्षराची गोष्ट सविस्तर सांगितली त्यांच्यातले फार थोडे गेले, आणि ज्या बाईंनी ते अक्षर ओळखले होते त्यांनी आपली रक्कम समन्वयकाच्या पगाराकडे वळवा, असे स्वतःहून कळवले. लपवलेल्या खर्चाचा लोकांना राग येतो तेवढा सांगितलेल्या खर्चाचा येत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पगारी माणूस ठेवायचाच तर स्वस्तात ठेवू. याविषयी मला धास्ती वाटते. पश्चिम केनियातल्या १४० शाळांमध्ये २००५ च्या सुमारास कंत्राटी शिक्षक देण्यात आले, त्यांचा पगार सरकारी शिक्षकाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास होता, आणि ते वर्गात अधिक नियमित हजर असत, त्यांच्या वर्गातली मुले अधिक शिकत. हे वाचून अनेक संस्थांना स्वस्त शिक्षकांचा मार्ग सापडल्यासारखे झाले. पुढे केनियात कंत्राटी शिक्षकांची योजना मोठ्या प्रमाणावर राबवून पाहिली, तेव्हा ती योजना स्वयंसेवी संस्थेने चालवली त्या शाळांत मुलांचे गुण वाढले आणि सरकारी यंत्रणेने चालवली त्या शाळांत काहीच फरक पडला नाही. तीच योजना, त्याच दर्जाची माणसे, पण त्यांची पाठराखण, वेळेवर पगार आणि देखरेख यांत फरक. स्वस्तपणा हे त्या यशाचे कारण मानून आपण चाललो, तर सहा वर्षे एका शिक्षकाच्या खिशातून बोडाबोडाचे भाडे काढणाऱ्या आमच्यासारखेच होऊ, फक्त आता पगारपत्रकासह. त्या देशात त्या कामाला जो रास्त पगार आहे तो द्यावा, लेखी करार करावा, आणि तो निदान तीन वर्षांचा असावा.

मग आपण, इकडचे बिनपगारी लोक, कशाला उरतो? पुष्कळ कामाला. निधी जमवणे, जमाखर्च लिहिणे, कायद्याचे कागद वेळेवर भरणे, तिकडच्या अहवालांतला मजकूर देणगीदारांना समजेल अशा भाषेत मांडणे, विनिमयाचा दर बघून पैसे पाठवणे, ही सगळी कामे दूर बसून चोख होतात. केनियातले शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि तीन सत्रांत चालते. आमचा निधी मात्र वर्षानुवर्षे मार्चअखेरीस गोळा होई, म्हणजे पहिल्या सत्राची फी भरायची मुदत टळून गेल्यावर. कितीतरी मुले त्या दोन महिन्यांत फीअभावी घरी पाठवली गेली असतील, आणि त्यासाठी तिकडच्या कोणालाही दोष देता येणार नाही. निधीचे वेळापत्रक बदलणे हे पूर्णपणे इकडच्या स्वयंसेवकांचे काम होते. ते आम्ही सातव्या वर्षी केले. वाचन शिकवण्याच्या बाबतीतही असेच. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने रुजवलेली पद्धत, म्हणजे मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता त्यांना प्रत्यक्ष किती वाचता येते त्याप्रमाणे करणे, झांबियाच्या शाळांमध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ‘कॅच अप’ या नावाने चालते. वर्गात नियमित येऊन शिक्षकाला साथ देणारा मार्गदर्शक हा तिचा कणा आहे. असा मार्गदर्शक आपण इकडून पाठवू शकत नाही. तिथे असलेल्याचा पगार आणि प्रवासखर्च देऊ शकतो.

तेव्हा येत्या वार्षिक सभेपुढे प्रत्येक संस्थेने तीन गोष्टी मांडाव्यात, असे मी सुचवतो. माहितीपत्रकावरचे ते वाक्य काढावे, आणि तिथे बँक, प्रवास, पगार यांसह खरा खर्च शिलिंगांत किंवा त्या त्या देशाच्या चलनात छापावा. त्या देशातल्या एका तरी माणसाला या कामासाठी पगार देण्याचा ठराव करावा. एका संस्थेला परवडत नसेल तर त्याच भागात काम करणाऱ्या दोनतीन संस्थांनी मिळून नेमावा. आणि अहवालाच्या नमुन्यात, नावाच्या शेजारी, मूल शाळेत आहे की नाही आणि नसेल तर कुठे गेले, एवढा एक रकाना वाढवावा. ज्यांचे काम केनियात आहे त्यांनी हे ऑक्टोबरपर्यंत उरकले, तर जानेवारीच्या पहिल्या सत्राला नवी व्यवस्था लागू होईल.

आमच्या समन्वयक बाईंनी कामावर आल्यावर पहिल्या महिन्यात पैसे मागितले नाहीत, फोटो पाठवले नाहीत. त्या प्रत्येक शाळेत आणि मग प्रत्येक घरी गेल्या. यादीत नावे होती त्यांतली अकरा मुले शाळेत नव्हती. त्यांपैकी सात कुठे आहेत ते त्यांनी शोधून काढले, आणि त्यांतल्या तिघांना परत आणले. ज्यांचा पत्ता लागला नाही त्या चौघांच्या नावांपुढचा नवा रकाना अजून कोरा आहे.

आपला नम्र,
एका लहान संस्थेचा माजी खजिनदार